मागच्या काचेवरची अक्षरं

सिग्नलला पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल-निळ्या पट्टीत ‘पोलीस’ असं लिहिलेलं होतं. शेजारच्या स्कूटरवाल्याने ते वाचलं आणि हँडलला अडकवलेलं हेल्मेट मुकाट्याने डोक्यावर चढवलं. मला गंमत वाटली. गाडी चालवणाऱ्याला ती अक्षरं दिसतही नाहीत. मग ती नेमकी कुणासाठी असतात?

आमच्या गाडीवर ती कधीच नव्हती. माझे यजमान तीस वर्षं पोलिसात हवालदार होते. साध्या कपड्यांत असताना नाकाबंदीत कुणी अडवलं, तर ओळख न सांगता कागद काढून द्यायचे आणि तो नवखा शिपाई ते नीट वाचतो का, हे कौतुकाने बघत राहायचे.

त्यांना जाऊन चार महिने झाले. परवा लेकीने तसाच स्टिकर आणला.

“लावू या ना आई, बाबांची आठवण राहील. शिवाय कुणी अडवणार नाही.”

या दोन्हींतलं तिला काय हवं होतं, ते मला कळेना. कदाचित तिलाही कळलं नसेल. मी स्टिकर कपाटात ठेवून दिला.

“आणि अडवलं तर?” तिने विचारलं.

“तर थांबू की. बाबा थांबायचे तसं.”