निशाण पाहणारे मास्साब

शिप्रा नदीकाठच्या शहरातल्या माधव नगरात यज्ञेश्वर दप्तरदारांना कुणी नावानं हाक मारत नसे. ते सगळ्यांचे मास्साब. सरकारी शाळेत गणित शिकवायचे, काळी टोपी घालायचे आणि कडक चहा प्यायचे. पणजोबा शिंद्यांच्या दप्तरात कारकून होते, तेवढ्या पुण्याईवर घरात एक गुर्मी चालत आली होती की आम्ही दरबारची माणसं. आता कुठला दरबार नि काय! संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही गेला, नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला जाऊन बसली. टावर चौकात दप्तरदार आले म्हणून पानवालासुद्धा मान वर करत नसे. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

वर्षातून एकच दिवस मास्साबांना जुना मान मिळायचा, आषाढी पुनवेचा. त्यांच्या आजोबांनी एक रीत घालून दिली होती. पुनवेला सूर्य बुडताना माधव नगराबाहेरच्या मैदानात उंच बांबू उभा करायचा, त्याच्या टोकाला पांढरं निशाण बांधायचं आणि वारा कुठल्या दिशेनं येतो ते पाहून पावसाचं भाकीत सांगायचं. पूर्वेची हवा असली तर पाऊस झकास, नैर्ऋत्येची असली तर दुष्काळ. आसपासच्या गावांतले किसान चालत यायचे, हात जोडून उभे राहायचे. बांबू धरायचा मान शिप्रेपलीकडच्या भेरूलालचा. त्याच्या आधी त्याचा बाप धरायचा.

मास्साबांचा स्वतःचा मात्र यावर काडीचा विश्वास नव्हता. गणिताचा माणूस! घरी बायकोला, विजयाबाईंना, ते हसत म्हणायचे, एका संध्याकाळच्या हवेवरून चार महिन्यांचा पाऊस कळला असता तर वेधशाळा कशाला बांधल्या असत्या? पण मैदानात गेले की चेहरा असा गंभीर करायचे, जणू वरुणदेव यांचाच वर्गमित्र. हात जोडलेली माणसं कुणाला आवडत नाहीत?

नवा मध्यप्रदेश झाल्यानंतरचा तो दुसरा पावसाळा. मृगात दोन सरी आल्या, किसानांनी ज्वार पेरली, कोंब वर आले आणि आभाळानं पाठ फिरवली. तीन आठवडे थेंब नाही. वर रोज दुपारी आंधी यायची. काळ्या मातीची धूळ अशी उठायची की भरदिवसा कंदील लावावा लागे. कोंब आधी वाळले, मग त्या धुळीत दबून गेले. शेतं बघावीत तर पाटीसारखी पुसलेली.

पुनवेच्या सकाळी भेरूलाल घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि सांगायला लागला. घरात ज्वारीची एक कोठी शिल्लक आहे. तो, बायको दुर्गा, म्हातारी आई आणि दोन मुली, एवढ्यांना जपून खाल्ली तर दिवाळी गाठेल. नाहीतर तीच पुन्हा पेरायची. पाऊस आला तर पीक उभं राहील, नाही आला तर पेरलेलं गेलं आणि खायचंही गेलं. मग त्यानं विचारलं, "बोऊँ के खाऊँ, मास्साब? तम जो बोलोगा, वोई करूँगा."

मास्साब म्हणाले, संध्याकाळी निशाण सांगेल.

संध्याकाळी मैदानात पाहतात तो काय, टावर चौकातून भाड्यानं आणलेल्या खुर्च्या, लाउडस्पीकर, हार. भोपाळहून बदलून आलेले एक बडे साहेब ही जुनी रीत बघायला येणार होते. मास्साबांसाठी साहेबांच्या शेजारची खुर्ची. साहेबांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि माईकवर म्हणाले की असे विद्वान आपल्या शहराचं भूषण आहेत. झालं! मास्साब हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच.

सूर्य बुडायला आला आणि आंधी सुटली. लोकांनी गमछे तोंडावर ओढले, साहेबांनी रुमाल. भेरूलाल तेवढा दोन्ही हातांनी बांबू धरून उघड्या तोंडानं उभा, कारण हात सोडले असते तर बांबू आडवा झाला असता. मास्साबांनी चष्मा पुसून वर पाहिलं. निशाण फडफडत सरळ ईशान्येकडे ताणलेलं. म्हणजे वारा नैर्ऋत्येचा. यात शंकेला जागाच नव्हती, पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं.

तेवढ्यात साहेब कानाशी वाकून म्हणाले, "मास्टरजी, खुशखबरी सुनाइए. लोग बहुत परेशान हैं."

आणि मास्साब माईकवर बोलून गेले की हवा पूर्वेची आहे, आठ दिवसांत पाऊस येतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भेरूलालनं एकदा वर निशाणाकडे पाहिलं, एकदा मास्साबांकडे पाहिलं, आणि डोळ्यांत गेलेली धूळ दंडाला पुसली.

घरी विजयाबाई गच्चीवरचे कपडे गोळा करून नुकत्याच खाली आल्या होत्या. पश्चिमेची खिडकी सारखी आपटत होती. त्या म्हणाल्या, तुम्ही काय सांगितलंत? मास्साबांनी सांगितलं. त्यांनी आपटत्या खिडकीकडे बोट दाखवलं. मास्साब चिडले. सगळी ती अंधश्रद्धाच तर आहे, म्हणाले, पूर्व काय नि पश्चिम काय! विजयाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्यासाठी. त्यांच्यासाठी नाही." आणि ताट वाढायला गेल्या.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. श्रावण गेला. मास्साब, ज्यांचा कशावर विश्वास नव्हता, ते रोज पहाटे गच्चीवर जाऊन आभाळ बघायला लागले. आभाळ कोरडं ठणठणीत.

नवरात्रात ते शहराबाहेर एका कामाला निघाले होते. तिथे दुष्काळी कामावर नवी सडक चालली होती. डोक्यावर मुरमाची टोपली घेतलेल्या बायकांच्या ओळीतली एक थांबली. पदर पुढे ओढून तिनं वाकून राम राम केला. दुर्गा होती. मास्साबांनी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. पेरलेलं सगळं मातीत गेलं. एक बैल चाऱ्यावाचून मेला, दुसरा घेऊन भेरूलाल चाऱ्याच्या शोधात लांब गेलाय. सासू गेली, भादव्यात. मुली तिकडे झाडाखाली बसल्यात. एवढं सांगून वर ती विचारते काय, तर बाईसाहेब कशा आहेत? एका शब्दानं दोष नाही. शिव्या दिल्या असत्या तर मास्साबांना हलकं वाटलं असतं. ते काम न करताच घरी परतले. त्या दिवसापासून त्या बाजूला जायचं झालं की ते मैलभराचा वळसा घेऊन जायचे. शाळेत फळ्यावर बेरीज चुकायला लागली. आपण एक माणूस मारला आणि एक घर सडकेवर आणलं, तेही गळ्यातल्या हारापायी, हे त्यांना उठता-बसता टोचत होतं. याची लाज वाटते असं ते विजयाबाईंना म्हणाले, आणि बाईंनी नाही नाही असं काही म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी पुनव आली. खुर्च्या नव्हत्या, साहेब नव्हते. दहाबारा किसान तेवढे आले. आणि खांद्यावर बांबू घेऊन भेरूलाल आला, निम्मा झालेला.

मास्साबांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भेरूलाल, पिछले साल मैंने झूठ कहा था. हवा नैर्ऋत्य की थी. मैंने देखी, और झूठ कहा."

भेरूलालनं बांबू खाली टेकवला. मग हळूच म्हणाला, "झंडी तो म्हने भी देखी थी, मास्साब. बाँस म्हारा हाथ में थो. पण म्हने सोच्यो, म्हारी आँख में धूल हे. तम तो पढ्या-लिख्या हो."

मास्साबांनी हात पुढे केला, आज बांबू मी धरतो म्हणून. भेरूलालनं तो दिला नाही. त्यानं स्वतःच बांबू उभा केला, मान वर करून नीट वेळ घेऊन निशाण पाहिलं आणि बाकीच्यांकडे वळून त्यांना वारा सांगितला. किसान त्याच्याभोवती जमले. मास्साब टोपी हातात घेऊनच घरी आले. पुनवेच्या दिवशी वाटेत पहिल्यांदाच कुणी राम राम केला नाही.

विजयाबाईंनी दार उघडलं, विचारलं, यंदा वारा कुठला?

मास्साब म्हणाले, "मला वर बघवलंच नाही."