माळावरचं कोडं

धाराशिवला मुलाकडे राहायला आल्यापासून मी रोज सकाळी घराजवळच्या बागेत जातो. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी दगडांच्या रांगा मांडून जमिनीवर मोठं गोल कोडं केलं आहे. नाव कोडं, पण त्यात चुकायला जागा नाही. आत शिरायला एक तोंड, मधे बसायला एक सपाट दगड, आणि त्या दोन्हींमध्ये घड्या घालत गेलेली एकच वाट. चालता चालता आपण मधल्या दगडापासून हाताच्या अंतरावर येतो, आता पोचलोच असं वाटतं, आणि तीच वाट वळून आपल्याला पार बाहेरच्या कडेला नेऊन सोडते.

पहिल्या दिवशी त्या वळणावर माझे पाय थांबले. मागून येणाऱ्या बाई म्हणाल्या, "चला आजोबा, रस्ता बरोबर आहे. इथं सगळ्यांनाच फसवल्यासारखं वाटतं." त्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांना काय सांगणार? या वळणावरून मी चड्डी सावरत पळालो होतो, मात्र इथं नव्हे, भूम तालुक्यातल्या आमच्या गावच्या माळावर.

माळावरचं कोडं कुणी मांडलं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दगड काळे, गुडघ्याएवढे, निम्मे मातीत गेलेले. वाट इतकी अरुंद की आत जाणारा आणि बाहेर येणारा समोरासमोर आले, तर एकमेकांच्या दंडाला धरून, अंग तिरकं करूनच पुढं जाता येई. गावानं त्याचाच उपयोग केला होता. दोन भावांचं बोलणं तुटलं, की म्हातारी माणसं एकाला मधल्या दगडावर बसवत, दुसऱ्याला तोंडातून सोडत. मधे कुठंतरी गाठ पडायची. दंड धरावाच लागायचा. आम्ही पोरं बाभळीखाली बसून बघायचो. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघितलेली दाढीमिशीवाली माणसं ओल्या डोळ्यांनी बाहेर पडताना मी पाहिली आहेत. त्या दगडांची मला देवळापेक्षा जास्त भीती वाटे.

पुढं थोरल्या भावाशी, आण्णांशी, माझंच वाजलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. येरमाळ्याची यात्रा झाली की दोघांनी कोड्यात चालायचं, असं ठरलं. पाण्याचं मी सोडलं असतं. पण सगळ्या गावादेखत आण्णांचा दंड धरायचा, या कल्पनेनंच माझ्या अंगाची आग होत होती. चैत्रात गाव यात्रेला गेलं. मी आजाराचं निमित्त करून मागे राहिलो, घरचा ट्रॅक्टर काढला, दगड ट्रॉलीत भरले आणि ओढ्याच्या बांधात मातीखाली घातले.

लोक परतले तर माळ रिकामा. चाकाच्या खुणा आमच्या दारापर्यंत आलेल्या. ट्रॅक्टर नेहमी आण्णांचा मुलगा चालवायचा, आणि तोही त्या वर्षी यात्रेला न जाता मळ्यात राखणीला थांबला होता. आण्णांनी त्याला चावडीपुढं चाबकानं मारलं. तो एकच वाक्य बोलत होता, "म्या न्हाय नेले." मी कोपऱ्यात उभा होतो. पोरगा तेव्हाच गाव सोडून मुरुमला गेला, तिथं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान टाकलं. सणालाही आला नाही. गावात कोड्याचा विषय निघाला की अजून त्याचंच नाव घेतात. ते खोटं आहे. दगड मी नेले. त्याचा त्यात हातसुद्धा नव्हता.

यंदा आण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, कामापुरतं. ऐंशी ओलांडलेला माणूस. ते गावाकडे परत जाण्याआधी मला त्यांना सांगायचं होतं. जेवताना जमलं नाही, दवाखान्याच्या बाकावर जमलं नाही. शेवटी मी त्यांना बागेत आणलं.

काळा चष्मा लावून ते दगडांच्या कडेला उभे राहिले. मग खाली वाकून पहिल्या वळणावर हात फिरवला.

"आरं, हे तर आपलं हाय!"

"तसंच आहे, आण्णा."

"मला वाटलं, जगात ते एकच हुतं," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि आत शिरले.

मी बाहेर थांबलो. ते मधल्या दगडावर जाऊन बसले तसा मीही तोंडातून आत गेलो. आता गाठ चुकणार नव्हती. एका वळणावर ते समोर आले. वाट इथंही अरुंदच. आम्ही एकमेकांचे दंड धरले. हाताला नुसती हाडं लागली.

"आण्णा, माळावरचे दगड म्या नेले."

चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते. माझ्या दंडावरची पकड मात्र घट्ट झाली.

"आन् पोरगं?"

"त्याला काहीच ठाऊक नव्हतं."

त्यांनी हात सोडला आणि पुढं गेले. मलाही पुढं जावं लागलं. मागे माणसं येत होती. वाट वळली तसे ते दगडांच्या पलीकडच्या रांगेत माझ्या बरोबरीला आले.

"ट्रॅक्टरची किल्ली कुणी दिली?"

"खुंटीवरनं घेतली."

पुन्हा लांब गेलो. पुन्हा जवळ आलो.

"म्या त्याला चाबकानं मारलं."

"मी बघत होतो."

"व्हय. कोपऱ्यात हुतास तू."

पुढच्या खेपेला ते मान वळवून पुढं गेले. मी मधल्या दगडावर जाऊन बसलो. चारी बाजूंनी माणसं चालत होती, कुणी आत, कुणी बाहेर, अनवाणी, कुणी कुणाला न ढकलता. एवढी माणसं एकाच वाटेवर आहेत हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. उठून निघालो. बाहेर जायलाही तीच वाट. आण्णा थांबलेत की गेलेत हे शेवटच्या वळणापर्यंत कळत नव्हतं.

ते तोंडाशीच उभे होते. त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. "बोल."

पलीकडे दुकानातली खडखड ऐकू येत होती. मी नाव सांगितलं आणि सगळं एका दमात बोललो. पुतण्यानं तिकडं काहीतरी बंद केलं, खडखड थांबली.

"काका, हे मला कशाला सांगताय? म्या नेले न्हायत हे मला ठाऊकच हाय की. आण्णांना सांगा."

"सांगितलं. शेजारीच उभे आहेत."

"मग त्यांच्याकडं द्या."

आण्णांनी फोन घेतला आणि लिंबाच्या झाडाखाली गेले. "म्या बोलतूय," एवढंच ऐकू आलं. नंतर ते नुसते ऐकत राहिले. मधेच चष्म्याखाली हात गेला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. परत आले तेव्हा चालणं भराभर होतं.

"मुरुमची गाडी कवा हाय रं?"

"आण्णा, डॉक्टरांनी आठवडाभर प्रवास नको म्हटलंय."

"ते तुला इचारलं न्हाय. गाडी कवा हाय, ते सांग."