भोक न पाडलेले पाच कोर

मी आठवीपर्यंतच शिकलेली, तेही खडवलीला, त्यामुळे कारखान्यात लागले तेव्हा कास्टिंग, रनर, रायझर हे शब्द ऐकूनच मला धडकी भरायची. वाटायचं आता काढतात मला. पण काका बोलले, "पोरी, चपाती येते ना करता? मग कोर पण येईल." काका म्हणजे आमचे मोल्डिंगवाले मिस्त्री, वर्तकनगरवरून यायचे, साठीच्या पुढचे, लोखंड ओतायचं काम अजून स्वतःच करायचे. दुसऱ्या कुणाच्या हातात लाडल द्यायचे नाहीत. लाडल म्हणजे ते लांब दांड्याचं भांडं, त्यातून ते लालभडक लोखंड साच्यात सोडतात.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना, पाण्याच्या पंपाच्या बॉड्या बनवायचा. बॉडी बाहेरून कशी दिसणार ते साचा ठरवतो, आणि आतली पोकळी ठरवतो कोर. वाळूत जवसाचं तेल मळायचं, लाकडी कोरबॉक्समध्ये ठोकून भरायचं, काढून भट्टीत भाजायचं. भाजताना असा वास सुटायचा ना, बेकरीत उभं असल्यासारखा, मला पहिल्या दिवशी भूकच लागलेली. मग तो कोर साच्याच्या मधोमध ठेवतात, चहूकडून लोखंड ओततात, थंड झालं की कोर फोडून टाकतात. म्हणजे आमचं काम शेवटी वाळूच होऊन जायचं, कुणाला दिसायचं पण नाही.

कोरच्या टेबलावर आम्ही दोघीच, मी आणि ताई. ताई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. ती आपल्या कोरच्या शेपटीवर, म्हणजे टोकावर, चाकूने रेघ मारायची, मी काळ्या ग्राफाइटचा ठिपका लावायचे, कोणाचा कोर ते कळायला. काका हसायचे, "काय गं, कोरला पण तीट लावतेस?"

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे भोक. कोर ओला असतानाच त्यातून सायकलचा स्पोक आरपार घालायचा नि हळूच ओढून काढायचा. कारण लोखंड ओतलं की कोरमधलं तेल जळतं, त्याचा गॅस होतो, त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. वाट नसली तर माल फुटका निघतो, आणि नशीब वाईट असलं तर तापलेलं लोखंडच वर उसळतं, ओतणाऱ्याच्या अंगावर. काकांनी पहिल्याच दिवशी शर्टाची बाही वर करून दाखवलेली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नुसती चुरगळलेली. "ठाण्याला होतो तेव्हाचं," बोलले. "एकाने भोक पाडलं नव्हतं." भाजलेला कोर तोंडाशी धरून फुंकायचा आणि पलीकडे तळहात ठेवायचा हे पण त्यांनीच शिकवलं. हवा लागली की पास. ज्याचा कोर त्यानेच फुंकायचा.

एक दिवस दुपारी सासूबाईंचा फोन आला. माझी मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा. "अगं, ही लय गरम झालीये, दूध पण घेईना." फोन खांद्यात धरून मी वाळू ठोकतेय, तोंडाने सासूबाईंना सांगतेय पट्टी ठेवा, पाणी पाजा, आणि हात आपले चालूच. कोर भट्टीच्या ताटात ठेवले, ठिपके लावले, ताईला बोलले मी जाते, आणि धावत सुटले.

डॉक्टर बोलले सर्दीच आहे. ताप सकाळी उतरला, पण नाक चोंदलेलं, तोंडाने घुरघुर श्वास घेत होती, मला बघवेना. सासूबाई दळणाला गेलेल्या. मी नाकात थेंब टाकायला पिशवीतून ड्रॉपर काढायला गेले तर हाताला स्पोक लागला. काम संपलं की मी तो रोज तेल-वाळू पुसून, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकते. काल तर धावत निघाले, पुसायला वेळच नव्हता, तरी तो फडक्यात गुंडाळलेला तसाच, आणि स्वच्छ. एक डाग नाही. काल सकाळी ताईने दिलेल्या कोरना भोकं पाडून मी तो पुसून ठेवलेला, आणि फोन आल्यावर भरलेल्या पाचना मी स्पोक लावलाच नव्हता.

काकांना फोन लावला, उचलेनात. तिकडे भट्टीच्या आवाजात काय ऐकू येणार! ताईचा स्विच ऑफ. अकराला ओतकाम. मी पोरीला ओढणीत बांधलं, पायात चपला पण दोन वेगवेगळ्या, कोपर स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला बोलला, "ताई, पुलावर ट्रॅफिक आहे, उडून नाही जाता येणार." मी त्याला एवढं बोलले की तो गप्पच बसला.

गेटवर वॉचमन बोलला बाळाला आत नाही न्यायचं. मी ओरडले, "काका! ओतू नका! काका!" छाती फुटेल असं ओरडले. पोरगी घाबरून रडायला लागली, आणि बहुतेक तिच्याच आवाजाने आतले सगळे वळले. काकांच्या हातात भरलेली लाडल होती. ते साच्याच्या पहिल्या पेटीशी वाकलेले.

"काय झालं?"

"माझे पाच कोर... भोक नाही पाडलं."

काकांनी लाडल तशीच मागे नेली, ताईची रेघवाले कोर कुठल्या पेट्यांत ते साचे भरणाऱ्यांना विचारलं, फक्त त्या ओतल्या. मग हातमोजे काढून माझ्या पेट्या एकेक उघडल्या. पाचही. ते वाकलेले ती पहिलीच पेटी माझी होती. काकांनी त्यातला कोर उचलला, फुंकला, आणि माझा तळहात पलीकडे धरला. काही नाही लागलं. मी तिथेच रडायला लागले.

ताई बोलली, "अगं, मी काढले भट्टीतून, पण तुझा ठिपका बघितला आणि फुंकलेच नाहीत. तुझ्यावर कोण शंका घेणार?" ते ऐकून मला अजूनच रडू आलं.

शेठ बाहेर आले. "पाच पेट्या का थांबल्या?"

काका बोलले, "मी थांबवल्या, वाळू ओली वाटली."

मला वाटलं गप्प बसावं, वाचले. पण त्यांच्या बाहीकडे लक्ष गेलं. "नाही शेठ, माझी चूक. भोक नव्हतं पाडलं." पोरगी माझ्या खांद्यावर नाक घासत होती. मला वाटलं नोकरी गेली.

शेठ काकांकडे बघत राहिले. काका बोलले, "हिला काढायचं तर काढा, पण सांगणारी माणसं मला दुसरी आणून द्या." शेठ आत निघून गेले. जाताना बोलले, "आज घरी जा, बाळ आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी मी पाच नवीन कोर केले. स्पोक घालून, काढून, परत घालून. भाजून झाल्यावर प्रत्येक तीनदा फुंकला. काका बोलले, "बस कर, आता त्यांना चक्कर येईल."

ओतताना मी लांब भिंतीशी उभी होते. लोखंड आत गेलं की भोकातून गॅस बाहेर येतो, साचे भरणारा मोल्डर त्याला लगेच पेटवतो, छोटीशी निळी ज्योत निघते. पहिल्या पेटीला निघाली. दुसरीला. तिसरीला. चौथीला जरा वेळ लागला, मी श्वासच घेतला नाही, मग निघाली. पाचवी निघाल्यावर काकांनी लाडल खाली ठेवली आणि लांबूनच मला अंगठा दाखवला.