आइसलँडचे तीन गुण

शेजाऱ्याबद्दल वाईट बोलू नये, असं आमचे फादर सांगतात. मी वाईट बोलत नाही. झारेनने जे केलं तेवढंच लिहिते. वाचताना ते वाईट दिसलं, तर करणाऱ्याला विचारावं.

झारेन आमच्या समोर राहतो. बाप्तिस्म्याचं नाव नाझारेनो, पण त्या नावाने त्याला फक्त बिशप हाक मारतील. गल्ली इतकी अरुंद की जूझाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कांदा चिरला की पाणी माझ्या डोळ्यांत येतं. पस्तीस वर्षं तो पोस्टाच्या खिडकीमागे बसला. लोकांची तिकिटं चाटून चाटून त्याची जीभ अशी तयार झाली की आता निवृत्तीनंतरही ती तोंडात राहत नाही.

त्याच्या भिंतीला भिंत लावून त्याचा सख्खा धाकटा भाऊ विस्तिन राहतो. दोघांचं एकवीस वर्षं बोलणं नव्हतं.

आमच्या गावात वाद्यमंडळं दोन, एक लाल झेंड्याचं, एक निळ्या. लालवाल्यांचा संत आणि निळेवाल्यांची मरियामाता. स्वर्गात ती दोघं गुण्यागोविंदाने राहत असतील, पण इथे त्यांचे भक्त एका दुकानातून पाव घेत नाहीत. विस्तिन लालवाल्यांकडे क्लॅरिनेट वाजवायचा, तिसऱ्या रांगेत. निळेवाल्यांनी त्याला पहिली रांग देऊ केली आणि तो गेला. झारेन तेव्हा गल्लीत उभा राहून ओरडला होता, "घर विकलं असतंस तरी माफ केलं असतं रे! क्लॅरिनेट घेऊन गेलास!" त्यानंतर शब्द नाही. आई वारली तेव्हा शवपेटीच्या दोन बाजूंना दोघे उभे, आणि निरोप देणार आईमार्फत, अशी तऱ्हा.

आता ह्या माणसाच्या आयुष्याचं ध्येय काय असावं? तर शेजारी जोडणं.

दर मे महिन्यात युरोपातल्या सगळ्या देशांची ती गाण्यांची स्पर्धा असते. आमच्या माल्टा बेटावर त्या शनिवारी फादर संध्याकाळची मिस्सा अर्धा तास आधी उरकतात, नाहीतर रिकाम्या बाकांना उपदेश करावा लागेल. प्रत्येक देशातले लोक फोन करून दुसऱ्या देशांना मतं देतात, त्यावरून तो देश गुण वाटतो, जास्तीत जास्त बारा; स्वतःच्या देशाला देता येत नाही. आणि दर वर्षी आम्ही हरतो. हरलो की झारेन सकाळी उंबऱ्यात खुर्ची टाकून माझ्यापुढे प्रवचन सुरू करायचा.

"अगं दोलोर, तू सांग. ग्रीसने कुणाला दिले बारा? सायप्रसला. सायप्रसने? ग्रीसला. ताट इकडून तिकडे, तिकडून इकडे! ते बाल्कनवाले वर्षभर एकमेकांचे गळे धरतात आणि मे आला की एकमेकांना बारा-बारा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, तिघे एकाच साबणाने अंघोळ करतात. आणि आपण? उत्तरेला समुद्र, दक्षिणेला समुद्र. आपल्याला शेजारीच नाही गं! आपल्याला मत द्यायचं कुणी, माशांनी?"

भिंतीपलीकडे विस्तिनची क्लॅरिनेट सरगम घोटत असायची. झारेन खिडकी लावून घ्यायचा.

तर शेजारी नाहीत म्हणून ह्याने ते पोस्टाने मागवले. कुठल्याशा मासिकातून पत्ते काढून एकोणतीस देशांत एकेक पत्रमित्र धरला. दर नाताळात प्रत्येकाला डबाभर मधाची कडी, म्हणजे मधाचं सारण भरून कड्यासारखी वळलेली बिस्किटं. कडी वळायची जूझाने, पीठ मळून तिचे खांदे जायचे, आणि डब्यावर सही ह्याची. एप्रिल आला की प्रत्येकाला पत्र, 'प्रिय मित्रा, यंदा माल्टाला विसरू नकोस.'

उत्तरं आली की तो मला वाचून दाखवायचा आणि एकेका देशाचा निकाल लावायचा. जर्मनीच्या माणसाने एकदा कळवलं की अठरापैकी सात कडी तुटलेली निघाली. "बघ, जर्मन! मध चाखला नाही, तुकडे मोजले." फिनलंडच्या माणसाचं पत्र एका ओळीचं, "मिळाली." पोर्तुगालवाला रडका, फ्रान्सवाला शिष्ट. आइसलँडला एक स्टेनून नावाची बाई होती, तिथल्या चर्चच्या गायकवृंदात गाते. बावीस वर्षं कडी खाऊन तिच्या देशाने आम्हाला एक गुण दिला नव्हता. "बर्फाची बाई ती," झारेन म्हणायचा. "त्या लोकांना भावना नसतात. रक्त गोठलेलं असतं त्यांचं."

त्या एकोणतीस जणांना तरी आम्ही कोण हे कुठे ठाऊक होतं? एकाने विचारलं, इटलीच्या कुठल्या भागात येतं तुमचं गाव? दुसरीला वाटायचं, आम्ही बारा महिने समुद्रात पाय सोडून बसतो. झारेनला त्याचा राग नव्हता. मत दिलं की झालं.

मग ते वर्ष आलं. विस्तिनची मुलगी मार्तीझ देशातल्या निवडीत उतरली. तिथे मात्र आपल्याच लोकांनी फोन करून आपला गायक निवडायचा असतो. पोरीचा आवाज गल्लीने पाळण्यापासून ऐकलेला. मी भाजी निवडताना तिच्याबरोबर गुणगुणत असे, आणि जपमाळेत चुकत असे, देव क्षमा करो.

लालवाल्यांचा हुकूम निघाला, निळ्याच्या पोरीला मत नाही. त्यांचा उमेदवार ठरला बेटाच्या दुसऱ्या टोकाचा एक जाडा तरुण, कारण त्याचा मामा त्यांच्याकडे ढोल वाजवतो. झारेन त्या दिवशी दोन फोन घेऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "झारेन, मार्तीझला दिलंस का रे मत?"

"मी शेजारपाजार बघत नाही, दोलोर. मी गाण्याचा गुण बघतो."

"ऐकलंस का तिचं गाणं?"

"तिच्या वेळेला टीव्हीचा आवाज बंद केला होता."

आणि हे म्हणताना बाकल्याच्या शेंगा सोलत होता आणि तिचंच गाणं गुणगुणत होता. धृपदासकट.

मार्तीझ जिंकली. निळेवाल्यांनी फटाके उडवले, लालवाल्यांनी दारं लावून घेतली. आठवड्याने पोर माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात तिच्या फोटोची छापील कार्डं, रबर लावून बांधलेली.

"मावशी, मला जिंकायचं नाहीये. शेवटची नको यायला, एवढंच. शेवटची आले तर निळ्यांनाही माझं तोंड नको होईल. काकाचे एवढे मित्र आहेत ना सगळीकडे? त्यांना ही कार्डं पाठवील का तो?"

"तूच विचार की."

"मला दार नाही उघडणार."

मी तिला घेऊन गेले. दार जूझाने उघडलं. झारेन आत खुर्चीवर होता, त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं नव्हतं, पण पान मृत्यूच्या जाहिरातींचं होतं. पोर त्या पानाशी बोलली. "काका, बाबांनी नाही पाठवलं मला. मीच आले. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

वर्तमानपत्र जरा खाली आलं. "ठेव तिथे," झारेन म्हणाला.

एकवीस वर्षांत ह्या घरातून त्या घरात गेलेले हे पहिले दोन शब्द. विस्तिनला कळलं तेव्हा तो गच्चीवर जाऊन बसला, खाली येईना. मी त्या संध्याकाळी आभाराची मेणबत्ती लावली. घाई केली.

आणि झारेनने पत्रं लिहिलीही. चार दिवस उंबऱ्यात बसून, मांडीवर पाट ठेवून. "काय सांगू दोलोर, यंदा पहिल्यांदा सांगण्यासारखं काही आहे! माझी पुतणी, म्हणून लिहितोय." तिकिटं लावून झाली. आणि त्याच दुपारी साल्वू आला, लालवाल्यांचा चिटणीस. पोट आधी, मागून तो.

सणाच्या मिरवणुकीत संताची मूर्ती आठ जणांच्या खांद्यावर निघते. झारेनचा खांदा पुढचा डावा, सव्वीस वर्षं. त्या खांद्यावर अंड्याएवढी गाठ आली आहे; ती तो लोकांना पदकासारखी दाखवतो.

"पत्रं लिहितोयस असं ऐकलं," साल्वू म्हणाला.

"देशासाठी लिहितोय, साल्वू. देश काय लाल-निळा असतो?"

"असं? मग सणाला खांदा देशालाच दे. पुढचा डावा मी माझ्या जावयाला सांगतो."

एवढंच बोलून तो गेला. झारेनने पत्रं गोळा केली. मला म्हणाला, "उद्या टाकतो. सोमवारी टपाल लवकर निघतं." पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला माणूस हे मला सांगत होता.

स्पर्धा झाली. मार्तीझ पांढऱ्या झग्यात उभी राहिली आणि एका सुरालाही धक्का न लावता गायली. मग मतं. ग्रीसचे बारा सायप्रसला गेले, सायप्रसचे ग्रीसला. साबणवाल्या तिघांनी एकमेकांच्या पाठी चोळल्या. आमचं नाव कुणी घेईना. आणि मग आइसलँडची निवेदिका गोड हसून म्हणाली, माल्टा, तीन गुण. सगळ्या रात्रीत तेवढेच. पण तेवढ्यावर पोर शेवटची आली नाही. तिच्या खाली एक देश शून्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या मिस्सेनंतर पायऱ्यांवर विस्तिन भेटेल त्याला सांगत होता, "आइसलँड! तिथे आपलं कोण आहे? माझ्या भावाची ती मैत्रीण आहे. शेवटी रक्त ते रक्त." झारेन बाहेर आला. विस्तिनने टोपी काढली आणि त्याला मान लववली. सगळ्या गावासमोर.

आणि झारेनने ती मान घेतली. उलट स्वतःही लववली, जरा उपकार केल्यासारखी. साल्वू लांबून बघत होता, त्याच्याकडेही एक डोळा बारीक करून घेतला. एकाच तोंडात दोन पास्तीत्सी, आमच्याकडच्या चीज भरलेल्या करंज्या, कोंबणारी माणसं मी पाहिली आहेत. दोघांचा मान एकदम गिळणारा हा पहिलाच. पुढचे दहा दिवस तो असा चालत होता, जणू बर्फाचं अख्खं बेट त्याने स्वतः पाठीवर वाहून आणलं.

अकराव्या दिवशी नेहमीचा पोस्टमन नव्हता, बदलीचा होता. दोन्ही भावांचं आडनाव एक, गल्ली एक. परदेशी लिफाफा आला तो त्याने विस्तिनच्या दारात टाकला.

मी पायरी धूत होते. विस्तिन बाहेर आला, हातात काळ्या काठाचं, शोकाचं कार्ड. सरळ भावाच्या दाराशी गेला. झारेन खुर्चीत बसून अंजीर खात होता.

"तू मेलास म्हणे," विस्तिन म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"आइसलँड."

झारेनने हात पुसले. हे कळल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं त्याने? "हल्ली घराचा नंबर न बघता टाकतात टपाल."

विस्तिन इंग्रजीतलं कार्ड सावकाश वाचू लागला. कार्ड जूझाच्या नावाने होतं. 'प्रिय ताई, बावीस वर्षांत पहिल्यांदाच एप्रिलमध्ये तुमच्या यजमानांचं पत्र आलं नाही. आम्ही काय ते समजलो. आमच्या गायकवृंदात चाळीस जण आहोत. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी त्यांच्या आठवणीसाठी तुमच्या देशाला फोन केले, बोटं दुखेपर्यंत केले. कडी फार चांगली असत. मी हे त्यांना कधी लिहिलं नाही, त्याचं वाईट वाटतं. स्टेनून.'

वरच्या खिडकीत मार्तीझ होती. तिने ऐकलं, हे मला तिच्या खिडकीच्या कडीवरून कळलं. ती हळूच लागली.

"पत्र आलं नाही," विस्तिन म्हणाला. "म्हणजे पोरीची कार्डं?"

"अरे, टपालाचं काय असतं, मध्ये संप, मग..."

जूझा आतून आली. बावीस वर्षं नवऱ्याच्या नावाने कडी वळणारी ही बाई, तिचा आवाज गल्लीत फारसा कुणी ऐकलेला नाही. तेव्हाही ऐकला नाही. तिने बिस्किटांचा डबा आणून विस्तिनच्या हातात दिला. आत एकोणतीस पत्रं, तिकिटं लावलेली, प्रत्येकात मार्तीझचा फोटो.

विस्तिनने झाकण परत लावलं. टोपी डोक्यावर नीट बसवली.

"आइसलँडला काही कळवू नकोस," तो म्हणाला. "त्यांचं बरोबर आहे."

आणि डबा घेऊन घरात गेला. पाच मिनिटांत क्लॅरिनेट सुरू झाली, ऐन दुपारी, लोक झोपलेले असताना. कुणी तक्रार केली नाही.

मला वाटलं, आता हा माणूस तोंड लपवील. झारेनने उरलेलं अंजीर खाल्लं, साल टाकलं. मग मला हाक मारली.

"अगं दोलोर, बावीस वर्षं कडी पाठवली, एक गुण नाही. आणि एकदा मेलो तर तीन!"

मी बादली उपडी केली.

"तसे अजून अठ्ठावीस देश आहेत," तो म्हणाला. "त्यांना कसं कळवावं, जूझाच्या अक्षरात?"

सणाला त्याने मूर्ती उचलली, पुढचा डावा खांदा. निळ्या घरांच्या गच्च्यांवर कुणी आलं नाही, आणि त्यातली एक गच्ची मार्तीझची. त्या रात्री माळ जपताना शेवटची प्रार्थना मी मृतांसाठी म्हटली. त्यात नाझारेनोचं नाव घेतलं. आइसलँडच्या चाळीस भाविकांशी वाद घालणारी मी कोण?