अल्टोच्या रांगेतला खोकला

"पल्मनरी ट्युबरक्युलॉसिस," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "म्हणजे फुप्फुसाचा क्षय. टीबी. सहा महिने औषध घ्यायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. पूर्ण बरा होतो."

शेजारी माझे यजमान दिलीप बसले होते. त्यांनी गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर असं विचारलं. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. चर्चमध्ये कुणाला कळलं तर?

मरणाची भीती मला नंतर वाटली, घरी आल्यावर. आधी लोकांची वाटली. तुमच्यापैकी कुणाच्या हातात उद्या असा कागद पडला, तर तुमचंही असंच होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी सुनंदा. वय बावन्न, राहणार कोपर, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. कल्याणच्या आमच्या चर्चच्या गायनवृंदात वीस वर्षं अल्टो गाते, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. स्वभावाने संशयी. भाजीवाल्याचा तराजू, दुधाचा पातळपणा, शेजारणीचं हसणं, कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, थट्टेने मला थोमाबाई म्हणतात. येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो थोमा नावाचा शिष्य मला नेहमीच समजूतदार वाटत आलेला आहे.

एवढी संशयी बाई, पण स्वतःच्या खोकल्यावर मात्र तिने संशय घेतला नाही. ऑगस्टच्या शेवटी खोकला सुरू झाला. रस्ता खणलाय, धूळ आहे, असं म्हटलं. संध्याकाळी अंग कसकसायचं, त्याला दगदग म्हटलं. सहा किलो वजन उतरलं, तर महिला मंडळात बायका विचारायला लागल्या, "काय गं, डाएट करतेस का? आम्हालाही सांग की." मला ते आवडलं होतं, हेही कबूल करते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर डॉक्टरकडे जा. मी अकरा आठवडे घालवले.

मग छातीचा एक्स-रे झाला, त्यात उजवीकडे वरच्या बाजूला पांढरट डाग. मग स्पुटम टेस्ट, म्हणजे बेडक्याची तपासणी. सकाळी खोल खोकून छोट्या डबीत बेडका द्यायचा. थुंकी चालत नाही, माझी पहिली डबी त्यामुळेच परत आली. ती डबी सीबीनॅट नावाच्या मशीनवर जाते. टीबीचा जंतू आहे का आणि मुख्य औषधाला तो दाद देईल का, हे दोन्ही त्यात कळतं. माझा जंतू दाद देणारा निघाला. त्या दोन दिवसांत मी बाकड्यावर बसून भिंतीवरचं एकच पोस्टर इतक्यांदा वाचलं की त्यातल्या बाईचा चेहरा अजून आठवतो.

आता मी का लपवलं ते सांगते. आमच्या उपासनेत उपदेशाआधी प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. जो तो उठून सांगतो, अमक्याचं ऑपरेशन आहे, तमकीला नोकरी नाही. चांगली रीत आहे. पण ती विनंती चर्चच्या दारातून बाहेर पडली की तिला पाय फुटतात. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कुणाला बोलू नकोस," असं म्हणत रविवारी कल्याणला निघालेली बातमी सोमवारी ठाण्याला पोचते. मीही अशा कितीतरी बातम्या पोचवल्या आहेत, प्रार्थनेसाठी म्हणूनच. त्यामुळे माझ्या टीबीचं काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. मी टायफॉइड झालाय असं सांगितलं.

आठवड्याभरात टीबी विभागातली आरोग्यसेविका घरी आली. हातात फॉर्म. हे कॉन्टॅक्ट ट्रेसिंग, म्हणजे रुग्णाच्या श्वासाजवळ कोण कोण होतं ते शोधून त्यांना तपासणं.

"गेल्या तीन महिन्यांत बंद खोलीत तुमच्यासोबत कोण असायचं?" तिने विचारलं. "ऑफिस, भजन, क्लास, काहीपण असेल तर सांगा."

"ऑफिसात मी खिडकीशी एकटी बसते. घरात आम्ही दोघंच," मी म्हटलं.

दिलीप माझ्याकडे बघत राहिले. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, आठवड्यातून दोनदा, कापणीच्या सणाच्या गाण्यांची तालीम झाली होती. चर्चच्या मागची छोटी खोली, आम्ही सोळा जण, दीड तास. शेजारच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केल्यापासून तिथल्या खिडक्या बंद असायच्या. हे सगळं मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. सेविका गेल्यावर दिलीप एवढंच म्हणाले, "सुनंदा, हे बरं नाही केलंस."

त्यांचा एक्स-रे साफ निघाला. मी मास्क लावून वेगळ्या खोलीत झोपू लागले. रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या. लघवी शेंदरी रंगाची होते, घाबरू नका, ते रिफाम्पिसिन या औषधाने होतं. मळमळतं, तोंडाची चव जाते. तिसऱ्या आठवड्यात ताप थांबला आणि मी वरणभात चवीने खाल्ला.

पण ताप गेला तसा संशय चढला.

सुरुवात करुणाताईंच्या डब्यापासून झाली. करुणाताई गायनवृंदात माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहतात. एकसष्ट वर्षांच्या, विधवा, डायबेटिस असलेल्या आणि कमालीच्या फटकळ. माझं त्यांच्याशी कधी फारसं जमलं नाही. आजारात त्यांनी खिमट पाठवलं, तेही हॉटेलातल्या पार्सलसारख्या प्लास्टिकच्या डब्यात. वर निरोप, डबा परत करू नकोस, टाकून दे. करुणाताई म्हणजे स्टीलच्या डब्यावर नाव कोरून घेणारी बाई! त्यांना डबा परत नको म्हणजे त्यांना कळलंय, असं मी धरून चालले.

कुणी सांगितलं? मी दिलीपांची उलटतपासणी घेतली. औषधांच्या दुकानातल्या माणसावर संशय घेतला. टीबीच्या गोळ्या तर सरकारी दवाखान्यातून येत होत्या, त्या दुकानातून मी फक्त मळमळीची गोळी घेतली होती, तरीही घेतला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उपासनेआधी तालमीच्या खोलीत मी माझ्या जागेवर बसले. करुणाताईंनी आपली खुर्ची उचलली आणि भिंतीपाशी नेऊन ठेवली. माझ्यापासून चांगली चार हात लांब. तोंडाला रुमाल. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. वीस वर्षं एका वहीत बघून गायलो आम्ही!

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर खायची आणि द्राक्षरस प्यायचा. आमच्याकडे सगळ्यांना एकच प्याला असतो. पाळकसाहेब काठ पुसत तो प्रत्येकाच्या ओठाला लावतात. डॉक्टर काहीही म्हणोत, मला त्या प्याल्याला तोंड लावायचा धीर झाला नाही. मी बाकावरच बसून राहिले. आता, प्रभुभोजनाला न उठणारा माणूस आमच्याकडे सगळ्यांच्या नजरेत भरतो. एकतर याचं कुणाशी भांडण आहे, नाहीतर याच्या हातून काही पाप झालंय. समोरच्या रांगेतल्या दोन माना वळल्या. मला मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं. लोकांसाठी मी बदनामी सोसतेय, हाच खरा ख्रिस्ती त्याग, असं काहीतरी.

आठ-दहा दिवसांनी तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मी चर्चमधला सामाईक प्याला घेत नाही.

डॉक्टर हसले. "प्याल्याने, ताट-वाटीने टीबी पसरत नाही हो. हवेतून पसरतो. खोकला, शिंका, जोरात बोलणं. गाणं." ते एकदम थांबले. "तुम्ही गाता का चर्चमध्ये? बंद खोलीत?"

मी हो म्हटलं.

"त्यांची तपासणी झाली?"

मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, त्या खोलीत कुणी म्हातारं असेल, कुणाला शुगर असेल, तर त्यांच्यासाठी एकेक आठवडा महत्त्वाचा आहे."

रिक्षात बसल्यावर मला करुणाताईंचा रुमाल आठवला. त्या रुमालात खोकत होत्या. मी त्यांची खुर्ची बघत बसले होते, खोकला ऐकलाच नव्हता. मग मागचे सगळे रविवार आठवले. त्या केव्हापासून खोकत होत्या? दिवाळीपासून?

मी तशीच कल्याणला पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बोलताना पहिल्यांदाच रडले. शेवटी विनंती केली, "माझं नाव न घेता सूचना द्या. गायनवृंदातल्या एकाला टीबी झालाय, सगळ्यांनी तपासून घ्यावं, एवढंच."

ते म्हणाले, "देतो. पण सुनंदाबाई, नाव नाही घेतलं तर लोक कुणाकडे बघतील?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. जी खोकतेय तिच्याकडे. आणि मी इथे अनुभव लिहायला बसलेय तर हेही लिहायला हवं, की एक क्षणभर मला ते चालण्यासारखं वाटलं. करुणाताई फटकळ आहेत, सोसतील, असंही मनात आलं. प्रभुभोजनाआधी ज्याने त्याने स्वतःला तपासून बघावं, असं आम्हाला दर महिन्याला सांगतात. इतकी वर्षं मी त्या वेळात दुसऱ्यांच्या साड्या बघितल्या होत्या.

नाताळच्या आधीच्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ आली तेव्हा मी उठले. म्हटलं, "मला टायफॉइड नव्हता. टीबी होता. नोव्हेंबरात कळलं, मी लपवलं. माझ्यासाठी प्रार्थना करायची तर नंतर करा. आधी गायनवृंदातल्या सगळ्यांनी छातीचा एक्स-रे काढा."

चर्चमध्ये कुणी खाकरलंसुद्धा नाही. खाकरायची सोयच मी ठेवली नव्हती.

उपासनेनंतर काही जणी जवळ आल्या, काही आल्या नाहीत. माझ्या बाकावर बसणारं एक कुटुंब पुढचे दोन महिने मागे बसलं. मी त्यांना दोष देत नाही, पण वाईट वाटलं. आरोग्यसेविकेने त्याच आठवड्यात येऊन तालमीच्या खोलीत डब्या वाटल्या. माझ्यावर रागावली नाही, फक्त जुना फॉर्म काढून त्यात पंधरा नावं वाढवली. मग खिडक्या उघडायला लावल्या.

चौदा जण साफ निघाले. करुणाताईंना टीबी निघाला.

मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळेच ना? ते म्हणाले, "ते सांगता येत नाही. तुमच्याकडून त्यांना गेला असेल, त्यांच्याकडून तुम्हाला आला असेल, दोघींना तिसरीकडून मिळाला असेल." माझ्या संशयी मनाने लगेच त्यातली मधली शक्यता उचलली. ती मी घरापर्यंत जपून नेली. पण ती खोटी असो की खरी, लपवलेले पाच आठवडे माझेच होते.

मी करुणाताईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत.

"केव्हा कळलेलं तुला?" त्यांनी विचारलं.

"नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात."

"आणि मी येडी तुला खिमट पाठवत होते. मला खोकला झालेला, म्हणून प्लास्टिकच्या डब्यात दिलं. म्हटलं टायफॉइडने खंगलीये पोरगी, माझे भांडे नकोत तिच्या घरात. खुर्ची पण लांब घेतली, तुला लागू नये म्हणून."

माफ करा, एवढंच कसंबसं म्हटलं.

"बघू," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

त्या दाराबाहेर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काय असतं ते मला तिथे कळलं.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी आरोग्यसेविकेचा फोन आला. रुग्ण रोज गोळ्या घेतो की नाही हे बघायला एक माणूस लागतो, त्याला ट्रीटमेंट सपोर्टर म्हणतात. करुणाताई एकट्या राहतात. त्यांनी माझं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले. का दिलं माझं नाव, असं विचारलं. मला वाटलं, क्षमेबिमेचं काहीतरी म्हणतील.

"मला गोळ्या गिळवत नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी प्रेमळ बाई आली तर मी गालात ठेवून फसवीन तिला. तू नाही फसणार. तुझा कुणावर विश्वासच नाही."

माझा कोर्स मे महिन्यात संपला. शेवटचा एक्स-रे हातात घेतला तेव्हा दिलीपनी मिठाई आणली आणि मी डॉक्टरांचे, सेविकेचे आणि देवाचे आभार मानले, याच क्रमाने, देव समजून घेईल. करुणाताईंचा कोर्स त्यांच्या शुगरमुळे लांबलाय. तालमीच्या खोलीच्या खिडक्या आता उघड्या असतात. सोसायटीची नवीन तक्रार आली आहे. पाळकसाहेब स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलून आले, आता वेळ ठरवून घेतलीय.

तुमच्या घरात, भजनी मंडळात, चर्चमध्ये, कुठेही हा आजार आला, तर पहिल्याच दिवशी सगळी नावं सांगा. लोक तुमच्याबद्दल काय बोलतील ते बोलू द्या. मला एवढंच सांगायचं होतं.

रोज सकाळी मी करुणाताईंच्या स्वयंपाकघरात उभी राहते. त्या गोळ्या तोंडात टाकतात, पाणी पितात, माझ्याकडे रागाने बघतात.

"आ करा," मी म्हणते. "जीभ वर करा. डावा गाल दाखवा."

त्या दाखवतात. मी वाकून नीट बघते. मग त्या मला चहा देतात, त्यांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या पेल्यात.