चाकं पुसायचं फडकं

"मी पुसलेलं तुझी आई पुन्हा पुसते. मी घातलेल्या गाद्यांच्या घड्या उलगडून पुन्हा घालते. सार केलं की झाकण काढून नुसती बघते, चाखतसुद्धा नाही. माझ्यापेक्षा परक्यांच्या बॅगांशी बरी वागते ती."

चिनामी हे नवऱ्याला सुनावत होती, सरकत्या कागदी दारापलीकडे. तसल्या दाराला कान लावावा लागत नाही. अलीकडे तिची सासू किनुए वाळवणासाठी पर्सिमन सोलत बसली होती. मुलगा म्हणाला, आईचा स्वभावच तसा, सोडून दे. त्यावर चिनामी म्हणाली, "सोडू कुठे? मी कुठेही काही ठेवलं की ती ते उचलते."

किनुएनं सुरी थांबवली नाही. फळांची माळ ओवली, वळचणीला टांगली आणि मनाशी ठरवलं, आजपासून सुनेच्या मागे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं फडक्याला हात लावला नाही. दुपारी मात्र कपाटावरचा एक डाग तिच्याकडे बघून हसला, आणि सगळं होतं तसं सुरू झालं. चिनामी तेव्हा नवी सून होती. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय, पण किनुए ते बोलणं विसरली नाही. ऐकलं होतं हे तिनं कुणाला सांगितलंही नाही.

किनुए बुटकी, रुंद खांद्यांची, निळ्या एप्रनमधली बाई. नवरा गेल्यावर त्याचा पांढरा छोटा ट्रक अंगणात गंजत बसला, तो तिला बघवेना. ती चालवायला शिकली. शिकवणारा म्हणे प्रत्येक वळणावर डोळे मिटून घ्यायचा. किनुए म्हणायची, त्यानं मिटले म्हणून मला उघडे ठेवायची सवय लागली.

कुवाबारा आणि मिझुसाका ही डोंगराच्या दोन अंगांची गावं. मधे खिंड. जुनी दगडी पायवाट खिंडीतून सरळ जाते, गाडीरस्ता वळसा घालून. वसंतात, आणि पुन्हा पानं लाल झाली की, देशोदेशीची माणसं ही पायवाट चालायला येतात. चांगली काही आठवड्यांची सुट्टी काढलेली असते. टोक्योच्या गर्दीत हरवून झालेलं असतं, समुद्राकाठी सायकली दामटून झालेल्या असतात, क्योतोची देवळं अजून बाकी असतात. मधे आमचा डोंगर. अस्वलाला चाहूल लागावी म्हणून पिशवीला घंटी बांधून टिणटिणत चढतात. सुट्टी घेऊन घाम गाळायला कुणी का येतं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना कधी उमजलं नाही. किनुएनं त्यात डोकं घातलं नाही. त्यांनी आपलं अंग पलीकडे न्यायचं, त्यांची बॅग तिनं.

सकाळी कुवाबारातल्या घराघरांतून बॅगा उचलायच्या, मिझुसाकातल्या दोन पाहुणघरांत पोचवायच्या. किनुएनं जुना किमोनो फाडून पट्ट्या केल्या होत्या. त्यातलं एक ओरिए चालवायची. तिच्या घरी जायच्या बॅगेला निळी पट्टी, पुलाजवळच्या घरी जायच्या बॅगेला जांभळी. उंबऱ्याशी बॅग उतरवली की ओल्या फडक्यानं तिची चाकं पुसायची, मगच चटईवर न्यायची. किनुएच्या मते चाकं म्हणजे बॅगेचे बूट. माणसानं बूट काढून आत यायचं आणि बॅगेनं घालून, हा कुठला न्याय? चारही चाकं, खाचांसकट. मग बॅगेची मूठ दाराकडे करून ठेवायची, मालक आला की हात घालताच सापडावी अशी. पाहुणे संध्याकाळी येऊन बघायचे तर बॅग त्यांच्या आधी येऊन, पाय धुऊन बसलेली.

काळजी एकच होती. येत्या हिवाळ्यात किनुएच्या लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी होती. सहली काढणाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं की बॅगा नेणारं कुणी उरलं नाही, तर मंडळींना बसनं थेट मिझुसाकाला नेऊ. म्हणजे कुवाबारात कुणी मुक्काम करणार नाही, आणि इथली पाहुणघरं हा हिवाळा निघाला तरी पुढचा काढणार नाहीत. कुणी विचारलं की किनुए छाती पुढे काढून म्हणायची, नव्वदीपर्यंत मीच नेणार, काळजी कसली. चिनामीला गाडी येत होती. तिला विचारावं हे किनुएच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण सुनेनं पुसलेली चाकं डोळ्यांसमोर आली की तो विचार तिथंच थांबायचा.

त्या शरदात नॉर्वेकडचं एक उंच म्हातारं जोडपं आलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर टेंगूळ होतं, कुवाबारातल्या दाराच्या चौकटीनं दिलेलं. तरी निघताना तो पुन्हा वाकून नमस्कार करायला गेला आणि तिथंच पुन्हा आपटला. बायको हसून हसून पायरीवर बसली. त्यांची मोठी हिरवी बॅग किनुएनं पट्टी बांधून नेली, पोचवली, आणि परतीच्या वाटेवर तिला आठवलं की फडकं ओरिएच्या उंबऱ्यावर राहिलं. ती मागे वळली.

ओरिएच्या अंगणात चिनामीची पिवळी गाडी उभी होती. चिनामी मिझुसाकाच्या शाळेत मुलांचं जेवण रांधते, दुपारी सुटते. पण ती इथं कशाला? किनुए सरपणाच्या रचलेल्या ढिगामागे थांबली. पलीकडे चिनामी उकिडवी बसून, किनुएचंच फडकं घेऊन, त्या हिरव्या बॅगेची चाकं पुसत होती. ओरिएकडे यायची ती बॅग चुकून पुलाजवळच्या घरी जाऊन पडली होती. चिनामीनं ती तिथून आणली होती.

ओरिए म्हणाली, "पुन्हा तेच. चिनामी, सांगून टाक ना त्यांना."

"सांगितलं तर त्या थांबतील," चिनामी म्हणाली. "थांबल्या तर घरी बसतील, आणि घरी बसल्या तर दिवसभर फडकं घेऊन माझ्या मागे. त्यापेक्षा बॅगा बदललेल्या बऱ्या." मग चाक फिरवून तिनं खाचा पुसल्या. "आणि रंगच तेवढा चुकतो हो. बाकी त्यांचं काही चुकत नाही."

किनुए आली तशी पाय न वाजवता परत गेली. पहिल्या वळणापर्यंत ती रागावलेली होती. आपण केलेलं कुणीतरी मागाहून पुन्हा करतंय म्हणजे कसं वाटतं, ते तिला या वयात, सरपणामागे उभं राहून कळलं. दुसऱ्या वळणावर तिला कबूल करावं लागलं की चिनामीनं निदान तोंडावर केलं नव्हतं. पुढच्या वळणावर ती हसायला लागली.

रात्रीच्या जेवणाला अळंबीचा भात होता. किनुएनं झाकण काढून बघितलं नाही. सरळ वाढून घेतला.

"हिरवी बॅग पोचली ना नीट?"

चिनामीच्या काड्या वाडग्यावर थांबल्या. "पोचली."

"पट्टी कुठली होती तिला?"

"जांभळी. निळी हवी होती."

"मला दोन्ही सारख्याच दिसतात," किनुए म्हणाली. "वसंतापासून गाडी तू घे."

मुलानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आणखी भात मागितला. यात न पडण्याची त्याची कला जुनी होती. चिनामी म्हणाली की शाळेची ती अवजड भांडी सोडायला ती केव्हाची टपून होती. पण एक अट.

"मी पुसलेली चाकं तुम्ही पुन्हा पुसायची नाहीत."

"आणि तू पुसताना मला दिसली तर?"

"बघा की. हात मागे बांधून."

 किनुएनं विचारलं की आपण दिवसभर करायचं काय.

"खिंड चाला," चिनामी म्हणाली. "नवरी होऊन आल्यापासून तिला वळसाच घालताय."

पानं झडली, चालणारे विरळ झाले. बर्फाच्या आधीची शेवटची फेरी किनुएनंच केली. चिनामी शेजारी बसली होती आणि पट्ट्या तिनंच बांधल्या होत्या. किनुएनं प्रत्येक वळणावर रोजच्यासारखा भोंगा वाजवला, समोर कुणी असो नसो. ओरिएच्या दारात दोघींनी एकेक बॅग उतरवली आणि आपापल्या बॅगेची चाकं पुसली. चिनामीच्या बॅगेच्या मागच्या चाकात मेपलचं लाल पान अडकलं होतं. किनुएला ते स्वच्छ दिसलं, लाल रंग अजून तिला दगा देत नव्हता. तिनं दोन्ही हात मागे घेतले. फडकं मुठीत घट्ट धरलं. चिनामीनं बॅग आत नेली, पानासकट, आणि मूठ दाराकडे करून ठेवली.

किनुएनं ओरिएला विचारलं की अंघोळीचं पाणी तापत घातलंय का, पाहुणे गारठून येतील. घातलंय, ओरिए म्हणाली. परतताना नेहमीच्या दुकानाशी थांबून टोफू घेतला. घरी आल्यावर किल्ली खिळ्याला अडकवली, फडकं धुतलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. शेजारी चिनामीचं होतं. त्याचं एक टोक दुमडलं होतं. किनुएनं ते पाहिलं, आणि टोफू घेऊन आत गेली.