पंगतीतून उठलेला माणूस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गिरधरशेटनं बायकोसमोर हात पसरला आणि म्हणाला, "किल्ल्या."

सुंदरबाईनं कमरेचा जुडगा काढून दिला. एकोणतीस वर्षं तो तिच्या कमरेला होता. साल एकोणीसशे एकतीस. अख्ख्या पारोळ्यात शेटचा विश्वास एवढ्या एकाच माणसावर. बाकी सगळे चोर. सावकारी करणारा माणूस संशयी असायचाच, पण ह्याचं काही औरच. कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघायचा; सुंदरबाईनं लावलेलं तेवढं बघत नसे. न्हाव्यापुढे बसला तरी डोळे मिटत नसे. जेवायचा भिंतीला पाठ लावून, एकटा. गावात कुणाचंही लग्न असो, आहेर पाठवी, पंगतीला जात नसे. उलटून जेवायला बोलवावं लागेल म्हणून जात नाही, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. खरं कारण सुंदरबाईला ठाऊक होतं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तापात त्यानं ते सांगितलं होतं. तेरा वर्षांचा असताना तो धरणगावला एका लग्नात जेवायला बसला होता. बापाचं नुकतंच दिवाळं निघालेलं. यजमान सगळ्यांदेखत ओरडला, "बुडव्याचं पोर पहिल्या पंगतीला कुणी बसवलं?" मागून कुणीतरी दंड धरून त्याला उठवलं. पंगत हसली. उठवणाऱ्याचं तोंड काही त्याला दिसलं नाही. "तो माणूस सापडू दे..." एवढं बोलून तो भिंतीकडे वळला होता. सुंदरबाईनं ही गोष्ट आपल्या आईलाही सांगितली नाही.

आणि काल ती अख्ख्या गावानं नाटकात पाहिली.

आखाजीचं नाटक गावाला तोंडपाठ. सावकार पाटलाला कर्ज देतो आणि मिशी गहाण ठेवून घेतो. पाटील दोन दिवस उशिरा पैसे आणतो, तर सावकार म्हणतो, पैसे नकोत, चावडीसमोर मिशी उतरव. शेवटी फजिती सावकाराचीच, आणि लोक हौसेनं खडे मारतात. आठ वर्षं हा सावकार हिलाल शिंपी करत होता. सावकार एवढा सूड कशाचा उगवतो, असं कुणी कधी विचारलं नाही. खडे मारायला मिळाले की झालं!

यंदा जीवराम पानवाल्यानं काडी लावली. "शेट, हिलाल तुमचीच नक्कल करतो म्हणे. चालसुद्धा तुमचीच."

ऊन उतरल्यावर खेळ लागला तेव्हा शेट मागच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. सुंदरबाई बायकांत बसलेली. हिलालनं मध्येच नवा प्रवेश घातला. लग्नाची पंगत. तरुण सावकार बसलेला. वाढपी मागून येतो आणि त्याला दंड धरून उठवतो. तो रडत नाही, ओरडत नाही. जाता जाता मूठ उघडून बघतो. मुठीत पानावरची कणकेची बट्टी, चुरा झालेली.

एकही खडा पडला नाही. सुंदरबाईनं मागं वळून पाहिलं, तर भिंत रिकामी.

"तूच सांगितलंस," किल्ल्या घेताना शेट म्हणाला.

"नाही."

"मी एकाच माणसाला सांगितलं होतं." झाला निकाल! "हिलालचं मशीन आपल्याकडे गहाण आहे. सोमवारी मुदत. पैसे आणले तरी घेणार नाही. बसू दे जन्मभर हातानं टाके घालत."

नाटक काल संपलं, हे अजून त्यातच आहेत, असं सुंदरबाईच्या मनात आलं. पुढचे तीन दिवस शेट डाळ स्वतः मोजून देई, पाणी स्वतः ओतून घेई. तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. झोपेत बरळले असेन का? बाळंतपणात?

चौथ्या दिवशी तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सरळ हिलालचं दुकान गाठलं. तो उंबऱ्यात बसून हातानं बंडी शिवत होता.

"हिलाल, ती पंगत तुला कुणी सांगितली?"

त्यानं सुई खाली ठेवली. "अक्का, तो वाढपी मना बाप व्हता. यजमाननी सांगं म्हनीसन त्यानी उठाडं. पोऱ्याना मूठमा बट्टी व्हती. शेट दिसना का तेच बोले, मरेपर्यंत."

"मग गावापुढे कशाला मांडलीस?"

"आठ वरीस खडे खादात, अक्का. सावकार असा का शे, हाई कोनीच का सांगू नही?" मग त्यानं हात जोडले. "शेटले मना बापनं नाव सांगू नका. मशीन गयं ते खाऊ काय?"

आता आली पंचाईत. हिलालच्या बापाचं नाव सांगितलं तर ती सुटणार आणि हिलाल बुडणार. चिडून घराकडे निघालेली सुंदरबाई देवळापाशी मात्र थबकली. बट्टी! बट्टीचं तिला तरी कुठं ठाऊक होतं?

शेट भिंतीला पाठ लावून जेवत होता.

"त्या दिवशी तुमच्या मुठीत काय होतं?"

त्याचा घास थांबला.

"मला उठवल्याचं सांगितलंत. बट्टीचं कधी सांगितलंत? आठवा. मला ती नाटकात कळली, सगळ्या गावाबरोबर."

शेटनं घास पानात परत ठेवला. "नाही सांगितलं," तो म्हणाला. "लाज वाटली. बाहेर जाऊन खाल्ली होती मी ती."

मग डाव्या हातानं त्यानं किल्ल्या तिच्याकडे सरकवल्या. सुंदरबाईनं हात लावला नाही.

"अशा नाही घ्यायच्या मी. सोमवारी हिलालचे पैसे घ्या, मशीन द्या. मग उचलते."

"मग त्याला सांगितलं कुणी?"

"मला काय ठाऊक?" सुंदरबाई म्हणाली. एकोणतीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली.

सोमवारी हिलाल आला. शेटनं पैसे घेतले, मशीन बाहेर काढून दिलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती बट्टी कुठून सुचली रे?"

हिलालची नजर दाराकडे गेली. दारात सुंदरबाई गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"वरण-बट्टीबिगर लगीन कोठे व्हस, शेट?" म्हणत त्यानं मशीन खांद्यावर घेतलं आणि तो चालता झाला.

सुंदरबाईनं सूप खाली ठेवलं, किल्ल्या उचलून कमरेला खोचल्या आणि कोठीला कुलूप लावलं. शेट उठला. कुलूप ओढून पाहिलं. चार पावलं आला, वळून परत गेला, पुन्हा ओढलं. मग तिच्याकडे बघत उभा राहिला.

तिनं किल्ल्यांवरून पदर ओढला आणि गहू निवडायला बसली.